आधी उजेड बघा : ब्लॅक अँड ग्रे रिॲलिझम टॅटूचं डिझाइन ठरवताना

मुलगी फोन पुढे करते. ग्रुप फोटो. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी तिची आजी. चेहरा दोन बोटांनी ताणताणून मोठा केलेला, त्यामुळे डोळ्यांच्या जागी चौकोनी ठिपके उरलेत. फ्लॅश थेट तोंडावर. "मनगटावर हवीय, एवढीशी," म्हणत ती स्वतःच्या अंगठ्याचं नख दाखवते.

असं वरचेवर होतं आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागतं. त्या फोटोत आजी आहे, पण सावली नाही. ब्लॅक अँड ग्रेमध्ये आम्ही सावलीच तर गोंदतो. नाक गोंदता येत नाही. नाकाची सावली नीट पडली की नाक आपसूक दिसतं. म्हणून पहिला टॅटू ठरवताना "काय काढून घेऊ?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. "उजेड कुठून येतोय?" हा आधी विचारा. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिलंय.

हे प्रकरण काय आहे

रिॲलिझम म्हणजे फोटोसारखं हुबेहूब चित्र. ब्लॅक अँड ग्रे म्हणजे शाई एकच, काळी. ती पाण्यात कमीजास्त मिसळून तीन-चार छटा करतात, त्याला ग्रे वॉश म्हणतात. टेबलावर छोट्या टोप्या ओळीने मांडलेल्या दिसतील: एकीत निव्वळ काळी, दुसरीत निम्मी, पुढचीत काही थेंब, शेवटचीत जेमतेम गढूळ पाणी. म्हणजे राखाडी असा वेगळा रंग कुठे नसतोच. कातडीत काळे कण दाट बसले की काळं दिसतं, विरळ बसले की राखाडी. आणि सगळ्यात उजळ जागा? तिथे काहीच नसतं, ती तुमची कातडी असते. कागदावर चित्रकार पांढरा कागद सोडतो, तसं आम्ही अंग सोडतो.

पांढरी शाई असते, पण तिच्यावर डिझाइन उभं करू नका. डोळ्यातला चमकता ठिपका, ओठावरची ओल, एवढ्यापुरती ती शेवटी लावतात. पहिल्या दिवशी झगझगीत दिसते आणि पुढे पिवळट होते किंवा कातडीच्या रंगात विरघळून जाते.

ही शैली आली कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांतून आणि पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे चिकानो वस्त्यांतून. तुरुंगात रंगीत शाई कुठली मिळायला? कॅसेट प्लेअरची मोटर, गिटारच्या तारेची सुई आणि हाती लागेल ती काळी शाई. सुई एकच, म्हणून रेघ बारीक. रंग एकच, म्हणून पातळ करून वापरायचा. १९७५ मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे दुकान उघडलं आणि ही बारीक सुईची कला तुरुंगाबाहेर रीतसर मशीनवर आली. १९७७ मध्ये फ्रेडी नेग्रेटे तिथे रुजू झाला. तो तर बंदिवासातच हे शिकला होता. आज जो देखणा वाघ किंवा संगमरवरी चेहरा तुम्ही सेव्ह करून ठेवलाय, त्याचं मूळ या अडचणीत आहे.

पायरी पहिली : जागा आणि आकार

लोक डिझाइन आधी ठरवतात आणि मग ते कुठे मावेल ते शोधतात. उलट करा.

शाई कातडीच्या वरच्या थरात नाही, त्याखालच्या थरात बसते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ही पेशी मेली की तिच्यातले कण सुटतात आणि जवळची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणून टॅटू टिकतो. पण तो जसाच्या तसा राहत नाही. वर्षं जातात तशी रेघ थोडी जाड होते, कडा मऊ होते आणि शेजारशेजारच्या दोन बारीक रेघांमधली फट बुजायला लागते. नखाएवढ्या चेहऱ्यात पापणी आणि डोळ्याची कड यांच्यात फट असते किती? केसाएवढी. दहा वर्षांनी तिथे एक काळा डाग उरतो.

माझा ढोबळ नियम असा: माणसाचा चेहरा तळहातापेक्षा लहान नको, तोही बोटांसकट धरलात तर उत्तम. फूल, पक्षी, डोळा थोडे लहान चालतील. घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. चित्र खऱ्या मापात छापा, भिंतीला लावा, चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. काय आहे ते कळलं तर ठीक. नुसता राखाडी ढग दिसला तर आकार वाढवा नाहीतर तपशील कमी करा.

जागेचं म्हणाल तर दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालचा हात, पोटरी, मांडी आणि खवाटा या पहिल्या टॅटूला चांगल्या जागा. पसरट आहेत, कातडी फार हलत नाही, आर्टिस्टला ताणून धरता येते. बोटं, तळहाताची कड, पाऊल, कोपराचं टोक इथे शाई नीट धरत नाही किंवा लवकर फिकी पडते आणि ग्रे वॉश तर सगळ्यात आधी उडतो. बरगड्यांवर छान दिसतं, पण दुखतंही खूप आणि श्वासागणिक जागा हलते. पहिल्याच वेळी कशाला?

आता एक गोष्ट, जी मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एकाच्या हातावर दीपगृह काढलं. तो खुर्चीत बसला होता, तळवा वर, हात टेबलावर टेकवलेला. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवायचा चित्राचा आराखडा, सरळ लावली, पट्टी धरल्यासारखी. काम संपलं, तो उठला, हात खाली सोडला आणि दीपगृह पिसाच्या मनोऱ्यासारखं कललं. कोपराखालचा हात मनगटाबरोबर पिळतो, वरची कातडीही त्याच्याबरोबर फिरते. त्यामुळे खांब, इमारती, तलवारी, घड्याळ, म्हणजे ज्यात सरळ रेघ किंवा पक्कं वर्तुळ आहे असं काहीही हातावर घेणार असाल तर स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावून घ्या. आर्टिस्ट विसरला तर तुम्ही आठवण करा.

पायरी दुसरी : विषय निवडणं

इथे थोडा वेळ घालवूया, कारण बहुतेक फसलेले टॅटू सुईने नाही, निवडीने फसतात.

सगळ्यात आधी फोनमध्ये फोटोचं सॅच्युरेशन शून्यावर आणा. विषय टिकला तर पुढे जा. लाल फूल आणि हिरवी पानं रंगात कशी उठून दिसतात, पण रंग काढला की अनेकदा दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. सूर्यास्त, खंड्या पक्षी, फुलपाखराचे निळे पंख यांचा जीव रंगात असतो. ते हवेच असतील तर रंगीत टॅटू करा, काही बिघडत नाही.

माणसाचा चेहरा. फोटो असा हवा की उजेड एका बाजूने, थोडा वरून येतोय. खिडकीशेजारी बसलेल्या माणसाकडे बघा: एक गाल उजळ, दुसरा सावलीत, आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण. रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण इतका दिसतो की छायाचित्रकार त्या प्रकाशयोजनेला त्याच्याच नावाने ओळखतात. असा त्रिकोण तुमच्या फोटोत सापडला तर निम्मं काम झालं समजा. समोरून फ्लॅश, भर दुपारचं डोक्यावरचं ऊन, ब्युटी फिल्टर हे तिन्ही नकोत. फिल्टर तर नेमक्या त्याच सुरकुत्या पुसतो ज्यांच्यावर आमचं पोट चालतं. सेल्फीही जपून घ्या. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात आणि मग "हा तसा दिसत नाही" अशी तक्रार येते.

म्हातारा चेहरा सोपा आणि बाळाचा अवघड, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. सुरकुतीला सावली असते, ती कुठे ठेवायची ते ठरलेलं असतं. बाळाचा गाल म्हणजे नुसता उजेड. तिथे एक छटा जास्त झाली की तान्हं मूल पन्नाशीचं दिसतं. बाळासाठी चेहऱ्याऐवजी मोठ्या माणसाचं बोट धरलेली मूठ घ्या. त्यात सावल्याही आहेत आणि साम्य जुळवायची धास्तीही नाही. हसरा फोटो असेल तर दातांकडे लक्ष द्या. प्रत्येक दात वेगळा रेखला की तोंडात कुंपण उभं राहतं. दातांची ओळ एकसंध ठेवून फक्त कोपऱ्यात अंधार करणारा आर्टिस्ट ओळखून ठेवा.

आणि चांगला फोटोच नसेल तर? मग चेहऱ्याचा हट्ट सोडा. त्या माणसाचे हात, चष्मा, घडी न मोडलेलं पत्र, रोज हातात असायचं ते अवजार. चष्म्याच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब घेतलं तर एवढ्याशा गोष्टीत खोली येते.

प्राणी. सिंह, वाघ, लांडगा यांचा कंटाळा आलाय हे खरं, पण ते चालतात याला कारण आहे: आयाळ आणि पट्टे अंधाराचे मोठे गट करतात. सिंहच हवा असेल तर अर्धाच चेहरा घ्या, उरलेला काळोखात जाऊ द्या. मला स्वतःला हत्ती आवडतो. त्याची भेगाळलेली कातडी आणि आपली कातडी यांचं जमतं, शिवाय दहा वर्षांत कडा मऊ झाल्या तरी हत्तीचं काही बिघडत नाही. केसाळ प्राण्यात एकेक केस काढून मागू नका. केसांचे पुंजके आणि त्यांच्या खालची सावली पुरते, मधले केस बघणाऱ्याचा डोळा भरतो. स्वतःचा काळा कुत्रा काढायचा असेल तर मागून किंवा बाजूने उजेड आलेला फोटो शोधा, ज्यात कानाची आणि पाठीची कड चमकतेय. पांढऱ्या मांजराला उलट, पाठीमागे अंधार लागतो. ती पांढरी कधीच गोंदली जात नाही, तिच्या भोवतीचं गोंदलं जातं.

पुतळे. नवख्याला मी हाच विषय आधी सुचवतो. संगमरवर मुळातच राखाडी छटांचा, त्यामुळे रंग गेल्याचं जाणवत नाही, आणि साम्य केसभर चुकलं तरी आजी परकी वाटण्याचा धोका नाही. लूव्र संग्रहालयातली सॅमोथ्रेसची विजयदेवता घ्या: डोकं नाही, हात नाहीत, पण पंख आणि अंगाला चिकटलेल्या ओल्या वस्त्राच्या चुण्या. तो पंख दंडावरून खांद्याकडे काय सुरेख जातो! मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेल्या डेव्हिडचे डोळे खोल कोरलेले आहेत, त्यामुळे भुवईखाली आयती सावली मिळते. दगडाला तडा, तुटकं नाक, शेवाळ हे सगळं फायद्याचं.

फुलं. गुलाब जुनाच, पण पाकळीखाली पाकळी, मध्यभागी गडद, कडेला उजळ, ही रचना सावलीसाठीच जन्मल्यासारखी आहे. नेहमीचा नको असेल तर सुकलेलं फूल बघा. वाळलेल्या पाकळीच्या घड्या ताज्यापेक्षा बोलक्या असतात.

घड्याळ आणि होकायंत्र. जपून. गोल हातावर चढला की अंडाकृती होतो आणि आकडे बारीक असले की आधी तेच बुजतात. मोठ्या तबकडीचा पाव भाग घ्या, उरलेला फुलाआड लपवा. रोमन आकड्यांच्या तबकडीवर चारचा आकडा पुष्कळदा चार उभ्या रेघांनी लिहितात, ती चूक नसते. यावरून माझ्याशी भांडून गेलेले लोक आहेत.

निसर्ग. धुक्यातलं जंगल ही ग्रे वॉशची हक्काची जागा. सगळ्यात जवळचं झाड काळंभोर, त्यामागचं फिकं, त्यामागचं आणखी फिकं, शेवटचं जवळजवळ नाहीच. तीन-चार छटांत मैलभर खोली. चंद्र हवा असेल तर पौर्णिमेचा घेऊ नका. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर आपल्या बाजूने, समोरून पडतो, त्यामुळे खळग्यांच्या सावल्या दिसतच नाहीत. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधाराच्या सीमेशी एकेक खळगा कोरल्यासारखा उठतो. आजीच्या फ्लॅश फोटोची आणि पौर्णिमेच्या चंद्राची अडचण एकच आहे.

बाकी कवटी, डोळा, धूर, कापडाच्या चुण्या हे सगळं उत्तम. धूर मात्र भरणा म्हणून घ्या, विषय म्हणून नको. आणि छोटी अक्षरं रिॲलिझममध्ये घुसडू नका. नाव हवंच असेल तर मोकळ्या जागेत, मोठं.

पायरी तिसरी : मांडणी

नायक एक. त्याला साथ देणाऱ्या गोष्टी एक-दोन. सिंह, मुकुट, घड्याळ, गुलाब, जिना, कबुतर, बायबल आणि जन्मतारीख, सगळं एका हातावर आणणारे येतात. मी म्हणतो, तीन गोष्टींवर बोट ठेवा, त्यातली एक खोडा.

धंद्यात एक जुना हिशेब सांगतात: एक तृतीयांश काळं, एक तृतीयांश राखाडी, एक तृतीयांश मोकळी कातडी. मोजपट्टी घेऊन बसायची गरज नाही, पण यातला कुठला भाग गायब आहे ते बघा. नवख्यांच्या डिझाइनमध्ये गायब असतं ते काळं. "फार गडद नको हं," हे वाक्य मी रोज ऐकतो. पण काळं नसेल तर राखाडी कशाच्या मानाने राखाडी? शिवाय वर्षांनुवर्षं ऊन लागून फिकट छटा आधी जातात. काळ्याचा कणा असलेलं चित्र तेव्हाही उभं राहतं. नुसतं राखाडी असलेलं जुन्या जखमेच्या वणासारखं दिसायला लागतं.

सावळ्या आणि काळ्या कातडीवर हा हिशेब अधिकच खरा. तिथे सगळ्यात उजळ छटा म्हणजे तुमचा वर्ण, म्हणून मधल्या छटा कमी, मोकळी जागा जास्त, आकार मोठे आणि काळं निःशंक. पांढऱ्या शाईच्या चमकीचा फारसा उपयोग नाही. "सावळ्या कातडीवर रिॲलिझम होत नाही" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, दुसरा आर्टिस्ट बघा. त्याला येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

कडांचं एक. फोटोसारखी चौकट घेऊ नका. चित्र बाहेरच्या बाजूला धूसर होत कातडीत विरलं पाहिजे. चेहऱ्याची उजळ बाजू असेल तिथे मागे अंधार, सावलीची बाजू असेल तिथे कड हरवून जाऊ दे. चेहरा शक्यतो शरीराच्या आतल्या बाजूला बघणारा असावा. मागे, पाठीकडे बघणारा चेहरा काहीतरी विसरून निघाल्यासारखा वाटतो.

पायरी चौथी : रेफरन्स तयार करणं

हे घरी करा, फोनवर होतं. फोटो कृष्णधवल करा. मग पोस्टराइजसारखा पर्याय वापरून छटा चारवर आणा. चार छटांतही चेहरा ओळखू येत असेल तर फोटो पक्का. आता त्यावर तुमच्या कातडीच्या रंगाचा पारदर्शक थर टाकून बघा, म्हणजे पांढऱ्या पडद्यावरचं चित्र तुमच्या हातावर किती मंद दिसेल याचा अंदाज येतो. हा थर टाकल्यावर निम्म्या लोकांचं मत बदलतं.

दोन-तीन फोटो जोडणार असाल तर प्रत्येकात नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. सिंहावर उजेड डावीकडून आणि शेजारच्या घड्याळावर उजवीकडून, अशी चित्रं मी दुरुस्त करून करून थकलोय. फोटो आडवा उलटवून उजेड जुळवता येतो, मात्र ओळखीच्या माणसाचा चेहरा उलटवू नका. भांग, तीळ, वाकडं हसू सगळं उलटं होतं आणि घरच्यांना काहीतरी खटकत राहतं.

शेवटी खऱ्या मापात छापून, कापून, टेपने अंगावर लावा आणि दोन दिवस वावरा. आरशात बघा, बाहीखाली किती झाकलं जातं ते बघा. दुसऱ्याच्या अंगावरचा टॅटू जसाच्या तसा उचलू नका; तो त्याच्या हातासाठी काढलेला असतो. छायाचित्रकाराचा फोटो असेल तर परवानगी विचारा.

पायरी पाचवी : आर्टिस्ट

एकच गोष्ट मागा: बऱ्या झालेल्या कामाचे फोटो. ताजा टॅटू सगळ्यांचाच भारी दिसतो. शाई ओली, कातडी तापलेली, कॉन्ट्रास्ट वाढवलेला. वर्षा-दोन वर्षांनी काढलेल्या फोटोत खरं कळतं, तेही साध्या उजेडात आणि शक्यतो तुमच्यासारख्या वर्णावर. ज्याच्याकडे असे फोटो आहेत तो कौतुकाने दाखवतो. रिॲलिझम करणारा आणि सगळं करणारा यात पहिला निवडा.

स्वच्छतेत संकोच नको. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर फेकली गेली पाहिजे. पाकिटावरची मुदत वाचा. शाई छोट्या टोपीत ओतलेली असावी, उरलेली बाटलीत परत जाता कामा नये. हातमोजे घालून फोन उचलला तर हातमोजे बदलले का ते बघा. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली आहेत, तेव्हा कुठली शाई वापरता हे विचारणं काही आगाऊपणा नाही.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जखमेवर गाठीसारखे वण उठण्याची प्रवृत्ती, कातडीचा आजार, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग आर्टिस्ट.

पायरी सहावी : बसायचा दिवस

पोटभर खाऊन या, झोप काढून या, दारू आदल्या दिवसापासून बंद, उन्हाने भाजलेल्या कातडीवर काम होत नाही. सुन्न करणारं मलम लावायचं असेल तर आर्टिस्टला विचारल्याशिवाय नको.

स्टेन्सिल लागली की आरशासमोर उभे राहा. बसून नाही, उभे. जांभळी रेघ आहे, पुसता येते. दोन बोटं वर हवं, थोडं तिरकं वाटतंय, जे असेल ते याच क्षणी बोला. मी चार-चार वेळा पुसून लावलीय, राग येत नाही. गोंदून झाल्यावर कळलं की मात्र दोघांनाही रडू येतं.

रिॲलिझमच्या स्टेन्सिलमध्ये रेघा विचित्र दिसतील, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या. त्या सावल्यांच्या हद्दी आहेत, आउटलाइन नाही. त्यातल्या बऱ्याच शेवटी दिसणारही नाहीत. आम्ही साधारणपणे गडद जागा आधी बांधतो, मग पसरट मॅग्नम सुईने लहान लहान गोल फिरवत छटा चढवतो. तळहाताएवढ्या चेहऱ्याला चार ते सहा तास सहज लागतात. मधे दोन तासांनी कातडी चिडते आणि आधी सुसह्य वाटणारं पुसणंही बोचायला लागतं. थांबा म्हणायला लाजू नका. एकाच जागी सुई फार फिरली की कातडी चघळल्यासारखी होते आणि तिथे शाई डागाळते, म्हणून मोठं काम दोन बैठकांत करणारा आर्टिस्ट वेळ काढत नसतो.

त्यानंतरचे आठवडे

आर्टिस्टने चिकट पारदर्शक पट्टी लावली असेल तर तो सांगेल तितके दिवस ठेवा. खाली काळसर पाणी साचेल, घाबरू नका. नंतर बिनवासाच्या सौम्य साबणाने धुणं, टिपून कोरडं करणं, मलमाचा पातळ हात. पातळ म्हणजे खरंच पातळ, चमक दिसली तर जास्त झालं. साल सुटेल, खाज येईल. खाजवू नका, खपली ओढू नका; ग्रे वॉशमध्ये ओढलेल्या खपलीच्या जागी उजळ भोक पडतं आणि ते गालावर असेल तर देवीच्या वणासारखं दिसतं. पोहणं, टबात बसणं, ऊन हे वरची कातडी पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे बंद. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टॅटूवर दुधाळ पडदा आल्यासारखं वाटतं आणि लोक घाबरून फोन करतात. नवी कातडी आहे ती, हळूहळू निवळते. एकदा भरलं की उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तचं सनस्क्रीन, कायमचं. टच-अपसाठी सहा ते आठ आठवड्यांनी जा, त्याआधी काय राहिलंय ते नीट कळत नाही. जाताना खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आणि तुमचं पहिलं छापील चित्र दोन्ही न्या.

ती आजीवाली मुलगी महिन्याभराने परत आली. नवा फोटो कुणीतरी सहज काढलेला: आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवतेय, डोळे बारीक, निम्मा चेहरा सावलीत. दंडावर घेतला, बोटांसकट तळहाताएवढा. दोरा मी गोंदलाच नाही, काळ्या पार्श्वभूमीत कातडीची एक रेघ सोडली. सुईच्या नेढ्याशी मात्र हौसेने पांढऱ्या शाईचा एक ठिपका ठेवला. टच-अपला आली तेव्हा तो ठिपका पार विरून गेला होता. पुन्हा लावू का, विचारलं. ती हसली. "राहू दे. नेढं तिलाही कुठं दिसायचं!"